गुलाबी केक

"शेवटचं कोण?" ओदालिसने धापा टाकत विचारलं.

क्युबातल्या प्लासेतास गावच्या, सरकारी गाड्यांत माणसं चढवून देणाऱ्या पिवळ्या थांब्यावर एका टोपीवाल्याने हात वर केला. त्याच्या पुढे आणखी एकोणीस जण. ओदालिसची मुलगी यानेसी एकच्या बसने सांता क्लाराहून हवानाला आणि तिथून थेट परदेशी निघणार होती. आज चुकामूक झाली तर पुन्हा भेट कधी, देव जाणे.

"शेवटचं कोण?" मागून आवाज.

"मीच," म्हणत ती वळली. एक म्हातारा उभा होता. एका हातात उघडा केक, दुसऱ्यात छत्री, खांद्याला सुपाचा डबा. ऊन रणरणत होतं, पण केकवर एक माशी नव्हती.

"अगं बाई, केक!" रांगेत गलका झाला. "सोडा हो त्यांना पुढे! वितळेल ना!"

"नातीला पंधरावं लागलं," म्हातारा ओशाळून म्हणाला.

थांब्यावर गाड्या अडवणाऱ्या, पिवळ्या गणवेशातल्या मिरेयाने वहीतून मान वर केली. "आज गुलाबी वाटतं?"

"नातीची आवड."

मिरेयाने शिट्टी फुंकली. निळ्या पाटीची सरकारी जीप थांबली. सरकारी गाडीला इथे थांबणं सक्तीचंच; न थांबून सांगतेय कुणाला! जीप उघडी होती आणि जागा दोनच.

म्हाताऱ्याने ओदालिसच्या भरल्या डोळ्यांकडे पाहिलं. "छत्री धरायला कुणीतरी हवंच. या ताई, चढा."

"वा आजोबा! छत्रीवालीसुद्धा निवडून घेतलीत!" टोपीवाला ओरडला. पण अडवलं कुणीच नाही.

वाटभर खड्डेच खड्डे. जीप आपटत होती, पण केकवरचं एक फूल हललं नाही. "काय हात आहे हो तुमचा!" ओदालिसने कौतुक केलं. "नातीचा झगा मी शिवून देईन. उपकार झाले तुमचे."

"उपकार कसले! छत्री नीट धरा."

एकला पाच मिनिटं कमी असताना बस दिसली. दारात यानेसी टाचा उंचावून रस्त्याकडे बघत होती. ओदालिसला हुंदका फुटला. तिने उडी मारली, वळून म्हाताऱ्याचे हात धरायला गेली आणि कोपर लागून केक खाली!

"अरे देवा! माझ्या हाताला काय झालं! पोरीचा केक—" ती किंचाळली.

केक टणकन उडाला, दोनदा उसळला आणि गडगडत बसच्या चाकाशी जाऊन थांबला.

म्हाताऱ्याने तो उचलला, धूळ फुंकली आणि काखेत मारला. "पळा ताई, बस सुटेल. चार वर्षं झाली, दर गुरुवारी कुठेतरी पडतोच हा. मला पण दवाखान्यात म्हातारीचं सूप पोचवायचंय."