राहिलेल्या टाळ्या

धाकटीने लोखंडी मनोऱ्यावरच्या कॅमेऱ्याचा दांडा दोन्ही हातांनी धरला आणि शेजारच्या मदतनिसाला बजावलं, "आता काहीही झालं तरी माझ्याशी बोलायचं नाही. शिंक आली तर गिळ."

"गिळतो," तो म्हणाला. तो तिच्याहून वयाने मोठा होता, पण आज वाद घालण्यात अर्थ नव्हता.

वर गेलेलं रॉकेट परत येत होतं. जावं, यावं, आपल्या पायांवर उतरावं आणि पुन्हा उडावं, यासाठीच तर हा सगळा खटाटोप. एरवी कॅमेरा आपला आपणच त्याचा माग काढतो. जमिनीजवळ धूळ-धूर उठला की मात्र तो बावचळतो, म्हणून शेवटचा टप्पा माणसाच्या हातात. इथे धाकटीच्या.

रॉकेटचे चार पाय तिच्या सख्ख्या थोरल्या बहिणीच्या, ताईच्या गटाने बनवलेले. ताई समोरच्या इमारतीत हेडफोन लावून बसली होती. आई फोनवर म्हणायची, "दोघी एकाच ठिकाणी नोकरीला, आणि ते मेलं मागच्या वेळी पडलं कशानं, हे एकीलाही सांगता येत नाही."

ते सांगता येत नव्हतं ते धाकटीमुळेच. मागच्या चाचणीत रॉकेट अलगद उतरलं, उभं राहिलं, सगळ्यांनी जल्लोष केला. तिनेही दांडा सोडून टाळ्या पिटल्या. कॅमेऱ्याने मान टाकली, आणि नेमकं तेव्हाच रॉकेट आडवं झालं. कोणता पाय गेला, का गेला, कुणालाच दिसलं नाही. उरलं ते भंगार, आणि ठपका आला ताईच्या पायांवर. ताई धाकटीला एका शब्दाने बोलली नाही. चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं. आज पुन्हा पडलं तर पायांचं काम ताईकडून काढून घेणार, ही बातमी कँटीनपर्यंत पोचली होती.

ठिपका मोठा झाला. आग दिसली, मग छातीत घुमणारा आवाज आला. धाकटी दांडा सावकाश खाली आणत होती. चारही पाय उघडले. धुळीचा लोट उठला आणि कॅमेऱ्याचा पडदा पांढरा झाला, तरी तिने दांडा रेसभर हलू दिला नाही.

उतरलं. खालून शिट्ट्या, आरोळ्या, टाळ्या. मदतनिसाचेही हात वर गेले. तिच्याकडे बघून त्याने ते खिशात कोंबले.

धूळ बसली आणि तिला दिसलं. रॉकेट कलत होतं. डावीकडचा एक पाय दबत चालला होता. पाय अजून थोडा दबला, आणि थांबला.

"डावा पाय दबलाय," ती माइकमध्ये म्हणाली.

तिने दांड्यावरचं बटण दाबून चित्र मोठं केलं.

"पण त्याची कडी बसलीये. चारही पाय घट्ट आहेत."

"नीट बघून सांग." आवाज ताईचा होता.

"बघतेच आहे. नजर काढलेली नाही, ताई."

कामाच्या लाइनवर नाती चालत नाहीत. आज कुणी टोकलं नाही.

उरलेलं इंधन काढून होईपर्यंत रॉकेटचा भरवसा नसतो. टाळ्या वाजवून दमलेली मंडळी चहाला गेली. धाकटी जागची हलली नाही. हातांना मुंग्या आल्या. अभिमानाने ऊर भरून आला होता, आणि नाक पुसायचीही सोय नव्हती.

लोखंडी जिना वाजला. ताई धापा टाकत वर आली आणि पडद्यासमोर उभी राहिली. काळवंडलेला, दबलेला तिचा पाय अख्खं रॉकेट पेलून उभा होता.

"काय उभा राहिलाय बघ," ती म्हणाली. मग तिने दांड्यावर हात ठेवले. "सरक. मी धरते."

"तुला नाही जमायचं."

"न हलता उभं राहायचंय ना? पाय बनवते मी."

"आणि मी काय करू?"

"मागच्या वेळी तुझ्या टाळ्या अर्धवट राहिल्या होत्या," ताई पडद्यावरची नजर न काढता म्हणाली. "वाजव आता."

धाकटीने आखडलेली बोटं झटकली आणि वाजवायला लागली. खाली सगळं सामसूम होतं. मदतनिसाने खिशातून हात बाहेर काढले.