पाच मिनिटं

सून मऊ भात भरवायला आत आली, तसा छताचा पंखा फिरू लागला. तात्यांनी डोळे वर नेले. "पंखा चालू आहे की," म्हणत तिने त्यांची घामेजलेली मान पुसली. "एवढा घाम कसा येतो यांना, कोण जाणे."

वीज वाचवायला घरभर सेन्सर बसवले, तेव्हा तात्या हिंडतेफिरते होते. खोलीतली हालचाल थांबली की थोड्या वेळाने पंखा, दिवा आपोआप बंद. मुलगा वीस मिनिटं म्हणत होता. तात्यांनी हट्टाने पाच करून घेतली. आजारी माई तेव्हा याच पलंगावर पडून असायची. "अहो, पंखा सारखा बंद होतो, जीव घाबरा होतो," ती म्हणाली, तर तात्या म्हणाले, "मग हात हलवत जा की. तेवढाच व्यायाम." माई शेवटपर्यंत हात हलवत राहिली.

आता तात्यांच्याच अंगावरून वारं गेलं होतं. वाचा गेली, हातपाय गेले; हलत होते ते फक्त डोळे. आणि जो कोणी खोलीत येई, त्याला पंखा फिरतानाच दिसे.

संध्याकाळी मुलगा मोबाईल घेऊन आला. "तात्या, घरात सगळ्यात कमी वीज तुमच्या खोलीत लागते. तुमचंच खरं होतं."

तात्यांच्या डोळ्यांतून पाणी ओघळलं. मुलगाही गहिवरला. त्यांच्या समाधानासाठी त्याने मोबाईलवर पाचाची दोन मिनिटं केली, त्यांना दाखवली, आणि जाताना दार हलकेच ओढून घेतलं.