पलीकडचं टोक

या, असे पुढे सरकून बसा. टाळ खाली ठेवा जरा. आज सांगायची आहे ती एका चादरीची गोष्ट. देव तिच्यात कुठे दिसला, तर हात जोडा.

पळसदरीला नम्रताची लाँड्री आहे, पत्र्याच्या शेडमधली. आसपासच्या रिसॉर्टांच्या चादरी तिथे धुवायला येतात. त्या दुपारी नम्रता शेडच्या दारात घुटमळत उभी होती. आत एकट्या कामाला होत्या सुंदरामावशी. नम्रताला त्यांना सांगायचं होतं, उद्यापासून येऊ नका.

मावशींचा हात हल्ली फार मंदावला होता. घड्या तिरक्या पडत, गठ्ठे उशिरा जात. रिसॉर्टवाला काम दुसरीकडे देईन म्हणाला होता. नम्रतानं नवा पंखा लावला, पगार वाढवला, चार वाजताचा चहा सुरू केला. हाताला वेग काही येईना.

मावशी पाठमोऱ्या होत्या. चादरीची दोन टोकं भिंतीतल्या हुकांना, दोन त्यांच्या हातात. एकट्या बाईला घडी घालता यावी म्हणून नम्रतानंच ते हुक ठोकून घेतले होते, आणि पलीकडचं टोक धरणाऱ्या हलिमामावशींना घरी बसवलं होतं. सुंदरामावशी घडी घेत भिंतीपर्यंत गेल्या आणि तिथेच थांबल्या. भिंतीकडे तोंड करून नुसत्या उभ्या.

नम्रताला ते बघवेना. पुढची चादर आली तेव्हा तिनं हुकांऐवजी स्वतःच टोकं धरली. मावशी चालत समोर आल्या, टोकाला टोक लागलं, आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं, "आज काय आणलंस गं डब्यात?"

लगेच जीभ चावली. "चुकलं, ताई. हलिमाला इचारायची सवय. एका चादरीला मी इचारायची, दुसरीला ती सांगायची. तिसरीला माझ्या डाळीला नावं ठेवायची. म्हणायची, मासे सोडलेस तर पोहतील त्यात." मावशींनी घडीवरून हात फिरवला. "भरभर व्हायचं काम. एकमेकीपाशी पोचायची घाई असायची ना."

नम्रतानं हळूच विचारलं, त्या आता काय करतात.

"कडावला घरीच असते. पोरगी सासरी गेली. डबा भरायचा नाय, तर आता रांधतच नाय म्हणते. चहात पाव बुडवून खाते."

जे सांगायला आली होती, ते नम्रतानं सांगितलंच नाही. मावशींनी नवी चादर झटकली आणि सवयीनं हुकांकडे निघाल्या.

माझं एवढंच मागणं आहे. आता घरी जाल, पानावर बसाल, कोणीतरी वाढता वाढता विचारेल, आणखी घेणार का? तेव्हा कडावच्या हलिमाची आठवण ठेवा.