मुदत भरली

कुनुगी सरांनी प्रबंधाची पहिली चार पानं चाळली आणि गठ्ठा उओझुमीच्या पुढ्यात परत सरकवला.

"छान झालंय. पण एवढी घाई कसली?"

"आज शेवटचा दिवस आहे, सर. पाचला कार्यालय बंद होतं. तुमच्या शिक्क्याशिवाय ते प्रबंध घेत नाहीत. आणि मार्चअखेर माझी नोंदणीच संपते. रजा घेऊन झाली, मुदतवाढ घेऊन झाली. आता काहीच शिल्लक नाही."

खोलीभर पुस्तकांची खोकी रचली होती. सरही मार्चअखेरच निवृत्त होणार होते आणि त्यांची खोकी अर्थातच उओझुमीने बांधली होती. किनाऱ्यावरच्या जुन्या मिठागरांच्या इतिहासात तिची उमेदीची वर्षं गेली होती. त्यातली शेवटची दोन तर प्रबंध नुसता सरांच्या टेबलावर पडून होता.

"नोंदणी संपली म्हणून अभ्यास संपतो का गं?" सर म्हणाले. "डॉक्टरेट आयुष्यभराच्या कामानंतर घ्यायची असते. चौतिसाव्या वर्षी नाही. मुदत पूर्ण करून पदवीविनाच बाहेर पड. मीही तसाच पडलो. त्यात कसली आलीय नामुष्की?"

सरांकडे डॉक्टरेट नव्हती. ती न घेणं ही त्यांच्या पिढीतल्या इतिहासवाल्यांची मिजासच होती.

"तुम्ही बाहेर पडलात तेव्हा दारात नोकरी उभी होती, सर." उओझुमीचा आवाज चढला. विभागात तो असा कुणी कधी ऐकला नव्हता. "आता पहिली अटच डॉक्टरेटची असते. नसेल तर अर्ज उघडूनसुद्धा बघत नाहीत."

सर दुखावले. "कागदामागे धावणारी नव्हतीस तू."

त्यांनी खणातून शिक्का काढला, शाईत नीट दाबला. क्षणभर तिला वाटलं, सुटले. पण त्यांनी पुढे ओढला तो दुसराच कागद, अभ्यासक्रम सोडण्याचा अर्ज. तिचं नावही त्यांनीच सुबक अक्षरात भरून ठेवलं होतं. शिक्का उमटवून त्यांनी तो दोन्ही हातांनी तिला दिला. तिनेही दोन्ही हातांनी, वाकून घेतला. अंगवळणीच पडलेलं ते. तिला स्वतःची भयंकर चीड आली.

"आणि हो, माझ्या गौरवग्रंथाची मुद्रितं तेवढी तपासून टाक. लेखकांच्या नावाखाली हुद्दे आहेत, त्यात चूक नको."

"ग्रंथ एप्रिलमध्ये येणार ना, सर?"

"हो."

"मग माझ्या लेखावर नावाखाली काय लिहू?"

सरांनी खरोखरच विचार केला. मग त्यांचा चेहरा खुलला.

"कुनुगींची विद्यार्थिनी, असं लिही की," ते प्रेमाने म्हणाले. "आणखी काय हवं?"