म्हशींचं रिंगण

वैशाखात गास गावातलं गवत सुकलं, तसे भालचंद्र कुटुंबासह म्हशी घेऊन डोंगरातल्या झऱ्याकाठच्या कुरणाकडे निघाले. पुढं घोडीवर नवी सून हेमाली होती. शेवटच्या चढणीवर एक म्हैस थांबली आणि तिथंच व्याली. ओलं रेडकू मातीत पडलं, तेवढ्यात घोडी थरथरली. समोरच्या कातळावर बिबट्या उभा होता. "बाबा!" हेमाली पुटपुटली. "गप ऱ्हा, पोरी. घोडीला घट्ट धर," सासरे कुजबुजले. तिला वाटलं, आता म्हशी उधळणार. पण बाकीच्या म्हशी मागं वळल्या आणि रेडकाभोवती रिंगण करून उभ्या राहिल्या, शिंगं बाहेर रोखून. बिबट्या बराच वेळ पाहत राहिला, मग रानात निघून गेला. भालचंद्रांनी टोपी काढली. "साठ वर्षं म्हशी राखतोय, हे फक्त आज्याकडून ऐकलं होतं." रिंगणात, हेमालीच्या डोळ्यांदेखत, रेडकू पहिल्यांदा उभं राहिलं.