कथबर्टचे लीक

ब्रेंडाचं लग्न झालं त्या साली, म्हणजे एकोणीसशे एकोणसत्तरला, ऐन लग्नाच्या सकाळी कुणीतरी तिच्या बापाचे, कथबर्टचे, लीक कापून नेले. लीक म्हणजे कांद्याच्या जातीची पात. पण कथबर्टने ती मनगटाहून जाड पोसली होती. त्याच दुपारी खाणकामगारांच्या क्लबात लीकची स्पर्धा होती. म्हणून तर मुलीला बापाऐवजी मामाने हात धरून चर्चमध्ये न्यावं असं त्याने ठरवलं होतं. आठवडाभर तो परसातल्या वाफ्याशेजारी खाट टाकून राखणीला झोपला. सकाळी हिल्डाने, त्याच्या बायकोने, दाढी करायला त्याला घरात पिटाळलं. तेवढ्या अर्ध्या तासात घात झाला.

शेवटी ब्रेंडाला चर्चमध्ये कथबर्टनेच नेलं, ढसाढसा रडत. लोक म्हणाले, बापाचं काळीज.

पहिलं बक्षीस शेजारच्या वाफ्यातल्या विल्फने नेलं. मग संशय कुणाचा येणार? जिवाभावाच्या मित्राशी कथबर्टने तेवीस वर्षं अबोला धरला.

आता विल्फने अंथरूण धरलं होतं. कथबर्ट टोपी चुरगाळत त्याच्या उशाशी उभा राहिला.

"ते लीकचं रे... पुलाखालून बरंच पाणी वाहून गेलं. माझ्या मनात काही नाही."

विल्फने त्याला नीट न्याहाळलं. मिशीतल्या मिशीत हसला.

"मोठ्या मनाचा आहेस लेका. हिल्डाला सांग हं, मला माफ केलंस म्हणून."

कथबर्ट छाती फुगवून घरी आला. हिल्डा बटाटे सोलत होती.

"केलं माफ त्याला. गेलं ते पाणी पुलाखालून."

"सगळं?"

"थेंब उरला नाही."

हिल्डाने सुरी खाली ठेवली. "मग बस खाली. ते मी कापले. पावाच्या सुरीने. पोरीला बाप हवा होता. विल्फने पाहिलं कुंपणावरून. पण कुणाला सांगणार नाही म्हणाला, आणि नाही सांगितलं."

कथबर्टला सुचलं ते एवढंच: "आणि लीक?"

"लग्नाच्या सूपमध्ये. दोन वाडगे ओरपलेस. वर म्हणालास, झकास झालंय."

कथबर्ट उठला, परसात गेला आणि यंदाचा सगळ्यात जाड लीक उपटून विल्फकडे निघाला.

"थांब," हिल्डा म्हणाली, "शिजवून देते."

तेवीस वर्षांच्या गप्पा दोघांनी नऊ दिवसांत उरकल्या. सोमवारी, नऊ नोव्हेंबर एकोणीसशे ब्याण्णव रोजी, विल्फ वारला. सूप संपवून.