मधाच्या रेघांची लादी

सोनचष्मा चौथ्यांदा दुकानात शिरली, तेव्हा वहिनी फोनवर होत्या. पलीकडचं गिऱ्हाईक काय विचारतंय, ते त्यांच्या कानात शिरेना.

सोनेरी काड्यांचा चष्मा लावणाऱ्या त्या बाईला हे नाव वहिनींनीच ठेवलं होतं, मनातल्या मनात. संगमरवराच्या त्या दुकानात मालकीणबाईंना सगळे वहिनी म्हणत. बावीस वर्षं त्या पुढच्या टेबलावर बसत होत्या. गिऱ्हाइकाला लाद्या दाखवायला मालक कधी स्वतः मागच्या आवारात जात नसत. त्यासाठी माणसं होती. पण सोनचष्मा आली की ते खुर्ची मागे सारून उठत.

खिडकीतून आवार दिसे. उभ्या लाद्यांच्या रांगांमधून दोघं रमतगमत चालत. ती बोट दाखवी, आणि मालक फडक्याने धूळ पुसत. घरी स्वतःचा पाण्याचा पेला न उचलणारा माणूस!

त्या दिवशी तिला एक लादी पसंत पडली. पांढरीशुभ्र, आत मधाच्या रंगाच्या रेघा. मालकांनी तिच्यावर खडूने फुली मारली आणि ती बाजूला काढून ठेवायला लावली.

वहिनींच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. त्यांच्या घरी ओटा म्हणजे काळा दगड, कडेचा टवका उडालेला. "अहो, एखादी लादी आपल्याकडेही येऊ द्या की," असं त्या किती वर्षं म्हणत होत्या. मालकांचं उत्तर ठरलेलं. "बघू."

संध्याकाळी दुकान बंद करताना वहिनींनी विचारलंच. "कोण हो त्या?"

"कोण?"

"चष्मेवाल्या."

"गिऱ्हाईक." मालकांनी कुलूप ओढून बघितलं. "किचनचं काम काढलंय."

पुढच्या आठवड्यात मालक माल बघायला खाणीवर गेले होते, आणि नेमकी सोनचष्मा आली.

"मालक नाहीत," वहिनी म्हणाल्या. "आणि ती लादी विकली."

तिने खिडकीतून बाहेर बघितलं. "ती काय, तिथेच तर उभी आहे."

"असेना. तुम्हाला मिळायची नाही." वहिनींचा आवाज चढला. "दुकानात पाच माणसं आहेत, पण तुम्हाला दाखवायला हेच लागतात. मला काय डोळे नाहीत?"

सोनचष्म्याने चष्मा काढला. रुमालाने सावकाश पुसला. मग ती हसली.

"वहिनी, सगळ्यावर पाणी फिरवलंत की हो!"

"म्हणजे?"

"मी लोकांची किचन सजवून देते. ती लादी माझी नाही, तुमची आहे. गुपचूप तुमचा ओटा बदलायचा होता त्यांना. काळा दगड, कडेचा टवका उडालेला. बरोबर ना?"

वहिनी मटकन खुर्चीत बसल्या. कानाच्या पाळ्या तापल्या. बाहेरच्या कुणाला तो टवका माहीत असायचं कारणच नव्हतं.

"मी काय काय मनात आणलं हो तुमच्याबद्दल," त्या पुटपुटल्या.

"माझ्यावर वेळ आली असती तर मीही आणलं असतं. आता कळलंच आहे, तर फिनिश तुम्हीच ठरवा. माझं काही केल्या ठरत नाहीये."

दोघी आवारात गेल्या. वहिनींनी तीन तुकडे काढून उन्हात मांडले. चकचकीत, मॅट आणि खडबडीत.

"चकचकीत घेऊच नका. लिंबाचा थेंब सांडला की चकाकी मरते, आणि तो डाग लांबून दिसतो. खडबडीतमध्ये पीठ अडकून बसतं. हा मॅट बघा, हात फिरवा. साबणाच्या वडीसारखा आहे ना?"

सोनचष्म्याने डोळे मिटून हात फिरवला. "आहे खरा."

"कड गोल करायची. टोकदार कड पोटाला लागते. सिंक उजवीकडे."

"डावीकडे नको?"

"छे, मला उजवीकडेच."

क्षणभर थांबून सोनचष्म्याने डाव्या हाताने वहीत लिहून घेतलं.

निघताना ती म्हणाली, "तुम्हाला कळलंय हे त्यांना सांगू नका हं. हिरमोड होईल बिचाऱ्यांचा."

"मी कशाला सांगते!"

पुढचे आठ दिवस वहिनी हवेत होत्या. मालकांचे शर्ट त्यांनी स्वतः इस्त्री केले. "काय विशेष?" मालकांनी विचारलं. "कुठे काय," असं म्हणून त्या आत पळाल्या, नव्या नवरीसारख्या. बहिणीला फोन करून सांगितलं, "मेलं माझंच मन संशयी."

शनिवारी सकाळी लादी बसवायला जाणार, हे त्यांना दुकानातल्या वहीत दिसलं. पत्त्याच्या जागी लिहिलं होतं, 'मालक सांगतील'. वहिनींना हसू आवरेना.

शनिवारी डोकं दुखतंय म्हणून त्या घरीच राहिल्या. मालक बाहेर पडताच पदर खोचला. डबे, बरण्या, शेगडी, भांडी सगळं बाहेरच्या खोलीत आणलं. काळा ओटा शेवटचा म्हणून धुऊन काढला. मग ठेवणीतली साडी नेसून त्या खिडकीत बसल्या.

अकरा वाजले. एक वाजला. रस्त्यावर टेम्पो वाजला की त्या उठत आणि पुन्हा बसत. साडेतीनला मात्र राहवेना. त्यांनी ओटे बसवणाऱ्या मिस्त्रीला फोन लावला.

"मिस्त्री, आहात कुठे? मी सकाळपासून ओटा रिकामा करून बसलेय!"

"कुठला ओटा, वहिनी?"

"अहो, ती मधाच्या रेघांची लादी. फुली मारलेली."

"ती होय! ती तर दुपारीच बसवली. काय दिसतेय म्हणून सांगू! त्या चष्मेवाल्या बाईंना यायला उशीर झाला, पण त्यांच्या घराची किल्ली मालकांच्या जुडग्यातच होती, म्हणून आमचं काम अडलं नाही बघा."